काही नाही म्हणजे किती ग्रॅम?

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत कुणी 'रिकामी बाटली' असा शब्द काढला, की कोपऱ्यातल्या स्टुलावरून आवाज यायचा, "हवेची."

"काय मामा?"

"हवेची बाटली आहे ती. रिकामी नाही."

मुलांना ते पाठ झालं होतं. नव्या शिक्षकांना मात्र वेळ लागायचा. मी नवीन होते तेव्हा एकदा त्यांना म्हटलं, "मामा, त्या कपाटात काय आहे?" कपाट उघडून त्यांनी आत डोकावून पाहिलं. मी म्हटलं, "काही नाही ना?" तर मागे वळून अगदी गंभीरपणे विचारलं, "काही नाही म्हणजे किती ग्रॅम?"

मी डहाणूची. वडील रेल्वेत होते, त्यामुळे लहानपण सगळं रेल्वे वसाहतीत गेलं. बी.एस्सी., बी.एड. करून २०१४ साली तलासरीजवळच्या, महामार्गापासून थोड्या आत असलेल्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. रोज सकाळी शेअर जीपने जायचं, संध्याकाळी परत. शाळेत बहुतेक मुलं आसपासच्या पाड्यांवरची. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, दोन टेबलं, चार कपाटं, आणि मामा. त्यांचं पद 'प्रयोगशाळा परिचर'. शिक्षण आठवी. वय तेव्हा पन्नाशी उलटलेलं. अंगात कायम खाकी शर्ट, त्याच्या खिशात एक काचेचा ड्रॉपर आणि एक लोहचुंबक. पेन नसायचं. पेन लागलं की माझं मागून घ्यायचे आणि न विसरता परत करायचे.

त्यांनी माझी मुलाखत घेतली ती पहिल्याच आठवड्यात. स्पिरिटचा दिवा पेटवून माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "बाई, ही ज्योत कशात धरायची?"

प्रयोगशाळेच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने दोन रकाने आखलेले होते. एकावर 'आहे', दुसऱ्यावर 'नाही'. 'आहे'मध्ये पाणी, दगड, रॉकेल, हवा, धूर, घाम, वास. 'नाही'मध्ये सावली, उजेड, आवाज, राग, आठवण, सोमवार. ज्याला वस्तुमान असतं आणि जे जागा व्यापतं ते द्रव्य, ही पुस्तकातली व्याख्या आम्ही सगळेच शिकवत होतो. पण दिसेल ती वस्तू त्या व्याख्येसमोर उभी करून तिची झडती घेणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. दोन रकान्यांच्या मधल्या रेषेवर एकच शब्द होता. ज्योत. पुढे प्रश्नचिन्ह.

मी पदवीच्या तोऱ्यात सांगितलं, "ज्योत म्हणजे ऊर्जा, मामा. द्रव्य नाही. 'नाही'मध्ये लिहा."

"बरं," ते म्हणाले. पण लिहिलं नाही.

आठ दिवसांनी मला हाक मारली. पुन्हा तोच दिवा, पण या वेळी त्यात स्पिरिटऐवजी रॉकेल भरलेलं. त्यांनी काचेची एक पट्टी चिमट्यात धरून ज्योतीत नेली आणि बाहेर काढली. पट्टी काळी.

"बाई, हे काळं कुठून आलं?"

"काजळी आहे."

"ती माहीत आहे. पण ज्योत जर नुसता उजेड असेल, तर उजेडाने काच कशी काळी होईल? हे काळं त्या ज्योतीच्या आतच होतं ना?"

मी घरी जाऊन पुस्तकं काढली. दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं की माझं चुकलं. ज्योतीत तापलेले वायू असतात, काजळीचे बारीक कण असतात, ते सगळं द्रव्यच. तिच्यातून बाहेर येणारा उजेड आणि धग तेवढी द्रव्य नव्हे. मामांनी शांतपणे खडू घेतला, 'आहे'मध्ये ज्योत लिहिलं आणि कंसात लिहिलं, 'बाईंना विचारून.' मला ते कंसातले शब्द पदवीपेक्षा मोठे वाटले. आजही वाटतात.

वजन करायचं त्यांना वेड होतं. काचेच्या पेटीतला जुना तराजू होता, त्याला ते स्वतःखेरीज कुणाला हात लावू देत नसत. वजनांच्या पेटीतलं दहा ग्रॅमचं वजन फार पूर्वी कुणीतरी हरवलं होतं. त्याच्या जागी मामांनी एक पितळी बोल्ट कानशीने घासून घासून बरोबर दहा ग्रॅमचा केलेला होता. त्याला किती दिवस लागले विचारलं तर म्हणाले, "शेवटच्या चिमूटभराला एक पावसाळा." माझा तास सुरू होण्यापूर्वी ते खडू तोलून द्यायचे आणि तास संपल्यावर परत मागून घ्यायचे. मग वर्गाच्या दारातून मोठ्याने सांगायचे, "बाई, आज दोन ग्रॅम शिकवलंत." एकदा अर्धाच ग्रॅम भरला. मी म्हटलं, "आज मुलांनाच बोलायला लावलं." तर त्यांचा चेहरा असा खुलला, जणू मी शाळेला नवीन इमारत मिळवून दिली.

हे सगळं सगळ्यांनाच रुचायचं असं नाही. आमचे मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हते, पण दहावीचा निकाल जवळ आला की चिडचिडे व्हायचे. एका बैठकीत ते म्हणाले, "किती शिकवा, या पाड्यावरच्या मुलांच्या डोक्यात काही नाही." मामा पाण्याचे पेले ठेवत होते. त्यांनी पेला ठेवता ठेवता म्हटलं, "सर, काही नाही असं कुठेच नसतं." मुख्याध्यापकांनी त्यांच्याकडे लेखी खुलासा मागितला. मामांनी माझं पेन मागून घेतलं आणि एका ओळीत खुलासा दिला: 'डोके जागा व्यापते व त्याला वजन असते. आत काय आहे ते शिकवल्याशिवाय कळत नाही.' मुख्याध्यापकांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवला. पुढे काहीच झालं नाही. मात्र 'डोक्यात काही नाही' हे त्यांच्या तोंडून मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

मामा स्वतः पाड्यावरचेच. आठवीनंतर शाळा सुटली, कारण पाठची पाच भावंडं होती आणि वडील वीटभट्टीवर जायचे. शाळेत ते शिपाई म्हणून लागले. कुणा जुन्या विज्ञानाच्या सरांनी त्यांना प्रयोगशाळा झाडायला सांगितली आणि ते तिथेच राहिले. आमच्याशी शाळेतली मराठी बोलत, पाड्यावर गेले की त्यांची बोली, आणि बाजारात गुजराती. तिन्ही भाषांत प्रश्न मात्र एकच: याला वजन आहे का, हे जागा घेतं का?

आणि रॉकेलवर त्यांचा खास जीव.

प्रयोगशाळेत सोडियमची बाटली होती. सोडियमला हवा आणि पाणी दोन्ही सोसत नाही, म्हणून ते रॉकेलात बुडवून ठेवतात. मामा रोज सकाळी आल्या आल्या आधी ती बाटली उजेडाकडे धरून बघायचे. सोडियमचे तुकडे पूर्ण बुडालेले दिसले की मगच झाडू हातात घ्यायचे. एकदा रॉकेल कमी झालं. तोवर घरोघर गॅस येऊ लागला होता, गॅस असलेल्यांच्या रेशनकार्डावरचं रॉकेल बंद होत चाललं होतं, आणि बाजारात ते सहज मिळेना. मामा रानशेतला बहिणीकडे गेले. तिच्याकडून अर्धी बाटली घेतली आणि एसटीत बसले. कंडक्टरला वास आला. त्याने विचारलं, यांनी खरं सांगितलं. त्याने उतरायला सांगितलं.

"मग भांडला नाहीत?" मी विचारलं.

"कशाला? बरोबर होतं त्याचं. रॉकेल बसमध्ये न्यायचंच नसतं. मीच चुकलो."

तिथून ते चालत निघाले. वाटेत एका नातेवाइकाकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेत हजर. दोन्ही तळव्यांना फोड आलेले. पहिल्यांदा सोडियमची बाटली भरली, मग पायाला पाणी लावलं.

दर वर्षी थंडीत, सकाळच्या पहिल्या तासाला, नववीच्या वर्गासमोर ते रॉकेलचा तास घ्यायचे. शिक्षक मी, पण त्या दिवशी मी मागच्या बाकावर. काचेच्या उंच भांड्यात पाणी घ्यायचे आणि त्यावर सावकाश रेशनचं निळं रॉकेल ओतायचे. निळा थर वर तरंगत राहायचा. हलवलं तरी मिसळायचं नाही; थोडा वेळ गेला की पुन्हा वेगळं.

"रॉकेल पाण्यापेक्षा हलकं. एका लिटरमागे पाणी हजार ग्रॅम, हे आठशेच्या आसपास. मग पेटत्या रॉकेलवर पाणी ओतलं तर काय होईल?"

"विझेल," मुलं म्हणायची.

"विझेल कसं? पाणी खाली जाणार, रॉकेल वर तरंगणार, पेटतं पेटतं सगळीकडे पसरणार. त्याच्यावर माती टाकायची, ओलं गोणपाट टाकायचं. पाणी नाही."

मग ते ताटलीत थंड रॉकेल घ्यायचे आणि जळती काडी सरळ त्यात बुडवायचे. काडी चुरकन विझायची. पहिल्या वर्षी माझ्या तोंडून किंकाळी निघाली होती.

"थंड रॉकेल असं सहज पेट घेत नाही. त्याला वात लागते, नाहीतर आधी तापावं लागतं. जळतं ते रॉकेल नाही, रॉकेलची वाफ. हा प्रयोग उन्हाळ्यात करायचा नाही. आणि घरी तर कधीच नाही. ज्याने केला त्याने माझ्या समोर यायचं नाही."

सगळ्यात शेवटी वासाचा प्रयोग. तो शुक्रवारी सुरू व्हायचा. उथळ ताटलीत रॉकेल, तराजूच्या पारड्यात. वजन फळ्यावर लिहायचे. सोमवारी पुन्हा तोलायचे. वजन घटलेलं असायचं.

"कुणी प्यायलं?" मामा विचारायचे. मुलं हसायची. "कुणी सांडलं? नाही. मग गेलं कुठे?"

एका वर्षी नववीत रंजना नावाची मुलगी होती. महामार्गापलीकडच्या पाड्यावरची. वर्षभरात वर्गात तिचा आवाज मी दोनदा ऐकला असेल, तोही हजेरीला. ती हळूच म्हणाली, "आमच्या नाकात."

मामा खाली बसले. खरोखर जमिनीवर बसले आणि तिच्याकडे वर पाहत म्हणाले, "पुन्हा सांग. मोठ्याने."

"वास येतो ना, म्हणजे रॉकेलच येतं. थोडं थोडं."

"वास म्हणजे रॉकेलच," मामा म्हणाले. "दिसत नाही, पण आहे. वजन आहे, जागा घेतं. नाकापर्यंत पोचतं, तसं दिव्यापर्यंतही पोचतं." रंजनाचं नाव त्यांनी दाराच्या मागे 'आहे'च्या रकान्यात लिहिलं. मुलं हसली. ती खाली मान घालून बसली, पण दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावर आली.

हे डिसेंबरात. त्याच हिवाळ्यात, जानेवारीत, टँकर उलटला.

शाळा नुकतीच भरली होती. महामार्गाकडून मोठा आवाज आला आणि मागोमाग लोकांची धावपळ. वळणावर एक टँकर कलंडून बाजूच्या चरात आडवा पडला होता. ड्रायव्हरचं कपाळ फुटलं होतं, पण तो आपल्या पायावर उभा होता. टँकरवरचा बोर्ड चिखलाने माखलेला. वरच्या झाकणातून पातळसं काहीतरी भळाभळा चरात पडत होतं. कुणीतरी ओरडलं, "रॉकेल हाय, रॉकेल!" आणि पाड्यावरून कॅन, हंडे, बाटल्या, दिसेल ते भांडं घेऊन माणसं पळत सुटली.

त्यांना लोभी म्हणायची माझी छाती नाही. रेशनचं रॉकेल बंद झालं होतं, सिलिंडर भरून आणायचा तर तलासरीपर्यंत जायचं, आणि दिवे जायचे ते वेळी-अवेळी. इतकी वर्षं हक्काने मिळणारी गोष्ट समोर वाहून चाललीय, हे कुणाला बघवेल?

मुख्याध्यापकांनी पोलिसांना आणि अग्निशमनला फोन लावला, मुलांना वर्गातून बाहेर सोडायचं नाही म्हणून बजावलं. मामा तोपर्यंत फाटकाबाहेर पोचले होते. मी त्यांच्या मागे गेले. का गेले, मलाच ठाऊक नाही. त्यांना एकटं जाऊ द्यायचं नव्हतं एवढंच.

रस्त्याच्या कडेला थांबून त्यांनी वाळकं गवत उचललं आणि बोटातून सोडलं. गवत पाड्याच्या दिशेने उडालं. त्यांचा चेहरा बदलला. मग त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "क्या माल है?"

"सॉल्व्हंट है. नाम मालूम नहीं," तो कसाबसा म्हणाला. सॉल्व्हंट म्हणजे कारखान्यात वापरतात तो द्रावक.

मामांनी दोनदा वास घेतला. खिशातला ड्रॉपर काढून चराच्या कडेवरून थोडं उचललं, आपल्या तळव्यावर दोन थेंब सोडले आणि हाताकडे पाहत राहिले. मग मान वर करून ओरडले, "हे रॉकेल नाही! भांडी खाली ठेवा!"

कुणी ऐकेना. एक जण म्हणाला, "मामा, तुमच्या घरी गॅस आला, म्हणून सांगता." दुसरा म्हणाला, "वास तर रॉकेलसारखाच हाय." एकाच्या कानावर विडी अडकवलेली होती. मामांनी त्याच्याजवळ जाऊन ती विडी अलगद काढून आपल्या तोंडात टाकली आणि चावून थुंकली. तो माणूस बघतच राहिला.

समोर रंजनाची आई होती, डोक्यावर भरलेला हंडा. मामांनी आपली बोली सुरू केली. मला सगळं कळलं नाही, पण अर्थ कळला. जन्मभर रॉकेल हाताळलंस ना? मग हात पुढे कर. तिने अविश्वासाने हंडा उतरवला आणि हात पुढे केला. मामांनी ड्रॉपरने तिच्या तळव्यावर दोन थेंब सोडले.

"काय वाटतं?"

"थंड," ती म्हणाली. "बर्फागत."

"रॉकेल थंड लागतं का असं?"

"नाय. रॉकेल तेलकट लागतं. हात धुतला तरी जात नाय."

"आता बघ."

तिने तळवा पाहिला. तो कोरडा होता. तिने दुसऱ्या हाताच्या बोटाने चोळून पाहिला. आजूबाजूच्या चार बायका वाकून बघायला लागल्या.

"कुठं गेलं?" मामांनी विचारलं.

तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला. "हवेत गेलं, आई." रंजना. शाळेच्या कुंपणातून निघून आलेली. रागवायचं माझं काम होतं, ते मला सुचलंच नाही. "दिसत नाय पण हाय. जमिनीवरनं चालत जातं. चुलीपर्यंत आपलं आपण पोचंल. पेटवायला पण नको."

रंजनाच्या आईने एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा तळव्याकडे, एकदा हंड्याकडे. मग तिने हंडा पायाने लांब सरकवला आणि इतका जोराने आवाज टाकला की पलीकडच्या चरातली माणसं थांबली. पुढच्या दोन मिनिटांत प्रत्येक जण दुसऱ्याच्या तळव्यावर थेंब घालून बघत होता. थंड. कोरडं. थंड. कोरडं. कॅन एकामागून एक खाली ठेवले गेले आणि लोक वाऱ्याच्या उलट बाजूला, लांब जाऊन उभे राहिले.

पण रंजनाची आई एकदम म्हणाली, "माझा दीर कॅन घेऊन घरी गेला."

सकाळचे अकरा वाजत आले होते. पाड्यावर चुली पेटायची वेळ. मामा धावले. पन्नाशी उलटलेला माणूस असा धावेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांच्या मागे मी, रंजना आणि तिची आई. त्या पाड्यावर चार घरांत कॅन पोचले होते. तीन घरांतली माणसं अंगणातच भेटली. कॅन लगेच बाहेर निघाले. चौथं घर रंजनाचंच.

दारातून दिसलं ते असं: कुडाच्या भिंतीशी कॅन, तोंडाला चिंधीचा बोळा, आणि पलीकडच्या कोपऱ्यात चुलीपुढे रंजनाची काकी, हातात फुंकणी, निखाऱ्यावर फुंकर घालायच्या बेतात. रंजना ओरडणार, तेवढ्यात मामांनी तिचा खांदा धरला. ते दाराबाहेरच उभे राहिले आणि नेहमीच्या, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "ताई, जरा बाहेर ये ना. शाळेचं काम आहे."

काकी फुंकणी घेऊनच बाहेर आली. कपाळाचा घाम पुसत म्हणाली, "काय झालं?"

"काही नाही," मामा म्हणाले. 'काही नाही' असं उत्तर मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मग ते एकटे आत गेले. घाई केली नाही. कॅनचा बोळा घट्ट दाबला, तो दोन्ही हातांनी उचलला आणि मागच्या दाराने शेताकडे निघाले. मी मोजत होते. अठरापर्यंत मोजलं. शेताच्या मध्यावर कॅन ठेवून ते परत आले, मागचं-पुढचं दार सताड उघडं टाकायला लावलं, कुणालाही आत जाऊ दिलं नाही, आणि मग आंब्याच्या बुंध्याशी जाऊन बसले.

"बाई," ते म्हणाले, "आता मात्र पाय गेले."

मी त्यांच्या शेजारी बसले. काकीला तोपर्यंत जावेने सगळं सांगितलं होतं. ती हातातल्या फुंकणीकडे बघत उभी होती. मग आत न जाता तिने शेजारणीकडून तांब्याभर पाणी आणलं आणि मामांच्या समोर धरलं.

अग्निशमनच्या गाड्या आल्या. त्यांनी चरावर फेस सोडला, दोन्ही बाजूंची वाहतूक संध्याकाळपर्यंत बंद ठेवली, आणि चराकाठी सोडलेली भांडी एकेक करून नेली. त्यांच्यातले वरिष्ठ मुख्याध्यापकांना म्हणाले, "एक ठिणगी पुरली असती. इतकी माणसं चरात उभी असताना काही झालं नाही, हे मी पहिल्यांदा बघतोय." पाड्यावरच्या कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

मामा २०१९ साली निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं नाही. तराजूची चावी माझ्या हातात दिली आणि बोल्ट कुठे ठेवायचा ते दाखवलं. रंजना तेव्हा अकरावीला, विज्ञान शाखेत, डहाणूला बसने जात होती. त्यांच्याबद्दल आणखी पुष्कळ सांगता येईल. पण माझ्या डोळ्यांसमोर ते येतात ते टँकर उलटला त्याच्या दुसऱ्या दिवसाचे.

त्या दिवशी तहसील कचेरीतले एक साहेब जबाब घ्यायला आले. शाळेच्या मैदानात टेबल-खुर्ची मांडली होती, पाड्यावरची माणसं भोवती बसली होती. मी रात्री जागून अहवाल लिहिला होता. त्यात मामांचं नाव तीन ठिकाणी, आणि एका ठिकाणी ठळक. आठवी शिकलेल्या माणसाने काय केलं ते आज सगळ्या जगाला कळणार, या विचाराने माझा ऊर भरून आला होता. मुख्याध्यापकही इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि त्यांनी स्वतः मामांसाठी खुर्ची आणून ठेवली होती. मामा तिच्यावर बसले नाहीत. भिंतीपाशी उभे राहिले.

साहेबांनी रंजनाच्या आईला पुढे बोलावलं. चांगल्या शब्दांत विचारलं, "ताई, सगळे जण रॉकेल म्हणून भरत होते. मग हे रॉकेल नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी मामांकडे पाहून हसले. आता नाव येणार.

तिने पदर सावरला, उजवा तळवा उघडून साहेबांच्या समोर धरला आणि जराशा तोऱ्यातच म्हणाली, "कोणी कशाला सांगाया पायजे? माझ्या हाताला कळलं. रॉकेल तेलकट ऱ्हातं, हे थंड लागून उडून गेलं. उडून गेलं म्हंजे संपलं नाय, साहेब. ते चुलीकडं जातं."

साहेबांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. बाकीच्या बायकाही तेच बोलल्या. प्रत्येकीने आपापला हात पुढे केला. कुणाच्याही जबाबात मामांचं नाव नव्हतं. मला वाईट वाटलं, थोडा रागही आला. अहवालाचा कागद हातात घट्ट धरून मी भिंतीकडे गेले आणि म्हटलं, "मामा, मी पुढे जाऊन सांगते. हे बरोबर नाही."

मामांनी माझ्या हातातला कागद खाली केला. त्यांचे डोळे भरले होते आणि ओठ हसत होते. एखाद्या बापाने मुलीचा निकाल ऐकावा तसे ते त्या बाईकडे बघत होते, छाती काढून, ताठ उभे.

"बसा बाई," ते हळूच म्हणाले. "माझं नावसुद्धा घेतलं नाही तिने. पास झाली."